खंडेनवमीची खुर्ची

तात्या, माझी कंबर धरलीय. वाकता येत नाही, ताठ होता येत नाही, मधल्यामधे अडकून पडलेय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवसभर बसून असता का? म्हटलं, बाई, बसायचाच तर पगार घेते. तुम्ही असता तर मिशीत हसला असता आणि म्हणाला असता, "ऊठ गं, एक फेरी मारून ये." तुमच्याकडे सगळ्यावर तेवढंच औषध होतं. अभ्यास करताना डुलकी लागली, ऊठ, फेरी मार. पोटात दुखतंय, फेरी मार. आईशी वाजलं की तुम्ही स्वतःच चपला घालून इंद्रायणीच्या पुलापर्यंत जाऊन यायचात. मला तेव्हा त्याचा वैताग यायचा. आता चाकणच्या एका कंपनीत तीन मजले भरून माणसांना मी हेच सांगते, आणि त्याबद्दल मला मॅडम म्हणतात. आज रविवार आहे, आई गच्चीवर गेलीय, आणि मी स्वयंपाकघरात ओट्यावर वही ठेवून उभ्यानं लिहितेय, कारण बसलं की कळ येते.

मी अ‍ॅडमिनला आहे. म्हणजे कोणी कुठं बसायचं, कशावर बसायचं, कोणाच्या डोक्यावर एसी आणि कोणाच्या पाठीला खिडकी, हे सगळं लचांड माझ्या गळ्यात. आमचं नवीन ऑफिस झालंय. त्याच्यासाठी खुर्च्या आल्यात त्या बघाल तर हात लावायला भ्याल. पाठीला टेकू, मानेला टेकू, कोपराला टेकू. एवढे टेकू दिल्यावर पुन्हा दर तासाला घंटा. घंटा झाली की सगळ्यांनी खुर्ची सोडायची, मजल्याला एक फेरी घालायची, खांदे फिरवायचे, पाणी प्यायचं. ही घंटा मीच सुरू केली. आधी पोरं हसायची, "मॅडम, शाळा सुटली का?" म्हणायची. आता घंटेला दोन मिनिटं उशीर झाला तर तीच पोरं मान वर काढून माझ्याकडे बघतात.

तर दहाबारा दिवसांपूर्वी आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब माझ्याहून लहान आहेत, गोड बोलतात, वाढदिवसाला केक मागवतात. समोर नव्या मजल्याचा नकाशा पसरलेला. म्हणाले, "मॅडम, ते डिस्पॅचचे काका आहेत ना, त्यांना इथं घ्या." आणि जिन्याखाली पेन्सिलनं एक छोटा चौकोन काढला. मी म्हटलं, टेबल केवढं टाकू? म्हणाले, "टेबल नको. सिस्टिम नको. नुसती चेअर. काम पण द्यायचं नाही काही. महिन्याभरात स्वतःच पेपर टाकतील, आपल्याला काढायला नको." आणि मग मला विचारलं, चहा घेणार का. मी चहा घेतला, तात्या. पुरा कप संपवला.

हे काका मराठवाड्यातले. पन्नाशी ओलांडलेली, अजून एक पोरगी शिकतेय. गाडीत माल चढताना प्रत्येक खोक्यावर थाप मारायची त्यांना सवय, जसं काही बैलच निघालाय बाजाराला. डिस्पॅचचं सगळं काम आता कॉम्प्युटरवर गेलं आणि काका उरले. त्याच दुपारी ते मला जिन्यात भेटले. "मॅडम, नव्या हापिसात मला कुठं बसवायलाव?" मी म्हटलं, बघते काका, अजून ठरतंय. आणि खाली मान घालून सटकले. घरी येईपर्यंत एकच शब्द डोक्यात वाजत होता. बसवायलाव.

तुम्ही पण तोच शब्द वापरला होता. मी सातवी-आठवीत असेन. त्याआधी तुमचं मशीन होतं, भोसरीच्या कंपनीत, ग्राइंडिंगचं. दर खंडेनवमीला कंपनीत घरच्यांना आत सोडायचे. मशीन आदल्या दिवशी पुसून लख्ख केलेलं असायचं. तुम्ही माझा हात धरून त्याच्या अंगावर ठेवायचात आणि म्हणायचात, "हे बघ, ह्याच्यावर आपलं घर चालतं." मी त्याला हळदीकुंकू लावायची, आई झेंडूची माळ घालायची, नारळ फुटायचा, पेढा मिळायचा. मला वाटायचं मशीन आपलंच आहे, कंपनी नुसती सांभाळते. मग एके दिवशी तुम्ही कामावरून आलात आणि आईनं कपडे हातात घेऊन विचारलं, "आज कापडं मळली न्हाईत वो?" तेलाचा डाग नाही, वास नाही, इस्त्री तशीच. तुम्ही हातपाय धूत होता. तिथूनच म्हणालात, "मशीनीवरनं काढून खुर्चीवर बसवलंय मला."

खुर्चीवर बसवलंय! बाई गं, घरात नुसता दंगा. आईनं देवापुढं साखर ठेवली. मी गल्लीभर सांगून आले, आमच्या तात्यांना खुर्ची मिळाली, तात्या साहेब झाले. चुलत्यांनी पेढे मागितले, तुम्ही मुकाट्यानं आणलेत. आता मला कळतं, तुम्ही एक अक्षर खोटं बोलला नव्हतात. जे झालं तेच सांगितलंत. आमच्या भाषेत त्याचा अर्थ वर चढणं होता, तो आम्ही घेतला. तुम्ही पेढ्याचा पुडा कट्ट्यावर ठेवलात आणि फेरी मारायला गेलात.

आईनं तुमच्या खुर्चीसाठी गादी शिवली. स्वतःच्या जुन्या लुगड्याचा वरचा कपडा, खालून तुमच्या फाटक्या पॅंटचा जाड कपडा, आत कापूस, आणि कोपऱ्यात मी लाल दोऱ्यानं एक फूल घातलं. ते फूल कमी आणि कोळी जास्त दिसत होतं. आई चिडवायची, "आता काय बाई, गादीवरचं मानूस!" तुम्ही ती डब्याच्या पिशवीत घालून घेऊन गेलात. त्यानंतर तुम्ही घरी बसायचंच सोडलंत. कंपनीची बस सोडून भोसरीहून चालत यायचात. जेवायचात ते ओट्याशी उभं राहून, ताट हातात घेऊन. आई ओरडायची, "उभ्यानं खाल्लेलं अंगाला लागत न्हाई, टेका की जरा." तुम्ही म्हणायचात, दिवसभर बसूनच असतोय. आई शेजारणींना सांगायची, साहेब झाल्यापास्नं चालायचं खूळ लागलंय, साहेब लोक चालतातच.

आणि एकदा तुम्ही मला ओरडलात. आयुष्यात तेवढंच एकदा. मी स्टुलावर बसले होते, पाठ ताठ, हाताची घडी, भिंतीकडे बघत. आईला म्हणत होते, बघ, मी तात्या साहेब. तुम्ही दारात आलात, एकदम थांबलात, आणि असे ओरडलात की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "ऊठ! ऊठ तिथनं! बसायचं न्हाई असं!" माझे डोळे भरून आले. काय चुकलं ते मला कळेना. मग तुम्हीच माझा हात धरलात आणि आपण दोघं पुलापर्यंत जाऊन आलो. वाटेत शेंगदाणे घेतलेत. तुम्ही ते सोलून माझ्या हातात ठेवत होता.

त्या वर्षीची खंडेनवमी. तुम्ही म्हणालात, औंदा नका येऊ, गर्दी असती. आई ऐकते होय! "मशीनीच्या पूजेला येत व्हते, आता खुर्ची मिळाली तं येऊ नगं व्हय?" जरीचं पातळ नेसली, माळा घेतल्या, नारळ घेतला, मला नवा फ्रॉक. तुमच्या मशीनवर दुसराच माणूस उभा होता, त्याच्या बायकोनं आमच्याकडे बघून तोंड फिरवलं. तुम्ही आम्हाला शेडच्या पार मागच्या भिंतीपाशी नेलंत. तिथं खुर्ची होती. लोखंडी पाय, लाकडी फळी. आई जराशी थांबली. मला वाटलं, पदर सारखा करतेय. मग खाली वाकली आणि खुर्चीच्या पायांवर पाणी घातलं. हळदीकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, पाठीला माळ बांधली. नारळ फोडायला दगड नव्हता, तर तुमच्या शेजारच्या मशीनवरचे चाचा लोखंडाचा ठोकळा घेऊन आले.

नारळ फुटल्यावर चाचा गेले नाहीत. आपल्या मशीनवरचं एक झेंडूचं फूल काढून आणलं, खुर्चीवर ठेवलं आणि तुमच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्यांच्या पलीकडचा माणूस आला, त्यानंही फूल ठेवलं. मग तिसरा. बघता बघता रांग लागली. मशीनं बंद होती, नुसता चपलांचा आवाज. लाकडी फळी फुलांनी भरली. तुम्ही हात जोडून डोळे मिटून उभे होता. मी छाती फुगवून बघत होते. केवढा मान माझ्या बापाला! मशीनला कधी एवढी फुलं आली नव्हती.

तुम्ही मी डिप्लोमाला असताना गेलात. सकाळी, कामावर निघताना, उंबऱ्यातच. सगळं आटपल्यावर चाचा तुमची पिशवी घेऊन आले. मला फाटकाबाहेर बोलावलं. पिशवीत डबा, साबणाचा तुकडा आणि गादी. गादीला एक सुरकुती नव्हती. माझं कोळ्यासारखं फूल जसंच्या तसं. चाचांनी तेव्हा सांगितलं. "बेटी, कंपनीवाले सही कर म्हणायचे, राजीनाम्यावर. हा करेना. मग मशीन काढून घेतलं आणि बसवून ठेवलं. पेपर वाचायचा नाही, डोळा लागू द्यायचा नाही, कोणाशी बोलायचं नाही. लघवीला जायचं तरी विचारून. मी म्हटलं, अरे, गादी तरी घाल खाली. तर म्हणाला, नको. मऊ लागलं तर सवय होईल, आणि ह्याची सवय झाली की मी संपलो." मग म्हणाले, पोरीचं शिक्षण होईस्तोवर उठणार नाही म्हणायचा. आईला सांगू नकोस. मी नाही सांगितलं. एवढी वर्षं नाही सांगितलं, तात्या. आई दर खंडेनवमीला माळ ओवताना म्हणते, तुझ्या तात्यांच्या खुर्चीला काय फुलं चढली होती गं, आणि मी हो म्हणते.

आता ऐका. साहेबांनी चौकोन काढला त्याच आठवड्यात मी नकाशा घरी आणला. जमिनीवर पसरला होता, आई शेजारी लसूण सोलत बसलेली. तिनं बोट ठेवलं, "हे समदं काय हाय?" मी सांगत गेले, ही टेबलं, ह्या खुर्च्या, हा जिना. "आन् ह्यो येकला चौकोन?" म्हटलं, ती पण खुर्चीच. "आन् टेबल?" म्हटलं, नाही. आईचा हात थांबला. लसणाची पाकळी तशीच बोटांत धरून म्हणाली, "म्हंजी तुझ्या तात्यांसारखी."

मी वळून तिच्याकडे बघितलं. म्हटलं, तुला माहीत होतं? आई चिडलीच. "मला काय डोळं न्हवतं व्हय गं? म्होरं टेबल न्हाई, कागुद न्हाई, तोंड भितीकडं. साहेबाची खुर्ची अशी असती व्हय?" मग पूजा कशाला केलीस? "पेढं वाटलं तवा ठावं न्हवतं. पूजेच्या दिशी बघितलं आन् समदं कळलं. समदी मानसं बघत व्हती. मी माळ घिऊन तशीच माघारी फिरले असते, तं त्यांनी तोंड कुठं दाखवलं असतं? दसरा झाल्याव त्याच खुर्चीवर जाऊन बसायचं व्हतं त्यांना." मी विचारलं, मग घरी त्यांना कधी बोलली का नाहीस? तिनं पुन्हा लसूण सोलायला घेतला. "त्यांना वाटायचं, मला ठावं न्हाई. तेवढाच त्यांच्या जिवाला इसावा व्हता. त्यो कशाला काढून घिऊ?"

मी तिथंच नकाशावर डोकं ठेवून रडले. आई ओरडली, कागद भिजंल. तात्या, मला तुमचा आणि तिचा दोघांचा राग आला होता. एका घरात, एका चुलीवरचं खात होतो आपण. तुम्ही तिच्यापासून लपवलंत, तिनं तुमच्यापासून, मी तिच्यापासून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो आपण सगळ्यांनीच खाल्ला, आणि एकमेकांना तो दिसू नये म्हणून उन्हातान्हात फेऱ्या मारल्या. एकदा, एकदा जरी तुम्ही ओट्याशी ताट ठेवून म्हणाला असतात की आज फार जड गेलं गं, तर काय आभाळ कोसळलं असतं का? मी तुमच्या पायाला तेल लावलं असतं. एवढं तर मला येत होतं.

सोमवारी मी नकाशा दिला. त्यात जिन्याखाली काही नव्हतं. काकांचं टेबल मी माझ्या टेबलाला लागून काढलं आणि पुढं काम लिहिलं: नवीन खुर्च्यांची तपासणी. खोटं नव्हतं ते. तीन मजल्यांच्या खुर्च्या आल्यात, कुणाचं चाक अडकतंय, कुणाची पाठ हलतेय, कोणीतरी बघायलाच हवं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "मला वाटलं मॅडम, मला बी घरीच बसवायलाव." दुसऱ्या दिवसापासून काका मजलाभर फिरताहेत. प्रत्येक खुर्चीवर बसतात, उठतात, हलवून बघतात आणि पास झाली की तिच्या पाठीवर थाप मारतात. घंटा झाली की पोरं त्यांच्या मागं फेरीला जातात. पोरांनी त्यांचं नाव पीटी सर ठेवलंय.

शुक्रवारी साहेब फेरीला आले आणि त्यांनी बघितलं. मला आत घेतलं. या वेळी चहा विचारला नाही. "मॅडम, मी काय सांगितलं होतं?" मी म्हटलं, सर, टेबलाशिवायची खुर्ची मला काढता येत नाही. तोंडातून निघून गेलं, तात्या. माझी जीभ तुम्हाला माहीतच आहे, ती आईवर गेलीय. साहेब हसले. म्हणाले, "ठीक आहे. त्यांचं मी बघतो. सोमवारी वरचे लोक येतायत, तुम्ही पण या, आपण तुमच्या रोलबद्दल बोलू." आणि मी दारापर्यंत गेल्यावर, अगदी सहज, "जिन्याखालची ती जागा अजून रिकामीच आहे ना?"

आहे. रिकामीच आहे. काल मी जाऊन उभी राहिले तिथं. डोक्याला जिना लागतो. समोर भिंत आहे, तिच्यावर मीच लावलेला कागद आहे, दर तासाला उठा म्हणून. मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. काकांचं काय होईल मला माहीत नाही. कदाचित एक आठवडा मिळाला त्यांना, कदाचित तेवढाच. पण थाप मारून पास केलेल्या त्या खुर्च्या आहेत, त्यांच्यावर पोरं बसलीत, ते काही कोणी पुसू शकत नाही.

आईला सगळं सांगितलं. या घरात आता लपवणं बंद, असं म्हटलं मी तिला. ती उठली. ट्रंक उघडली, गादी काढली आणि गच्चीवर ऊन द्यायला घेऊन गेली. आत्ता खाली आलीय. गादी झटकून तिनं माझ्या डब्याच्या पिशवीत घातली, वर डब्यासाठी जागा ठेवली आणि म्हणाली, "बापाचं आयकू नगं. मऊ घिऊन बसायचं, आन् घंटा झाली की उठायचं. कोन काय बोलतंय ते बघू."

तात्या, हे पत्र कुठं जाणार नाही, ठाऊक आहे मला. परवा खंडेनवमी आहे, आईच्या माळा ओवून झाल्यात. एकच सांगायचं राहिलं. तुम्ही इतकी वर्षं ती गादी खाली घेतली नाहीत. मी पिशवीतून ती काढून ठेवणार होते, दोनदा हात घातला. नाही काढली. मला तुमच्यासारखं जमायचं नाही, तात्या. मला मऊ लागतं.